चंद्रभागेतले जंतू येतात कुठून, आणि ते कमी कसे करायचे?

उन्हाळ्यात चंद्रभागेचं पाणी हिरवं पडलं, वास मारायला लागला की सोलापूर जिल्ह्यात पहिलं बोट पुण्याकडे जातं. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणीतून भीमेत येतं, भीमेतून उजनी धरणात, आणि उजनीतून आपल्याकडे, पंढरपुरात चंद्रभागा होऊन. हे खरं आहे. त्या शहरांनी सांडपाणी शुद्ध करूनच सोडलं पाहिजे, याबद्दल माझं दुमत नाही. पण पंढरपुरात वारकरी जे पाणी ओंजळीत घेतो, डोक्यावर घेतो, तीर्थ म्हणून तोंडात घेतो, त्यात आजार पसरवणारे जे जंतू असतात त्यांतले बहुतेक पुण्याहून आलेले नसतात. ते जवळचे असतात. काठावरच्या गावांचे, ओढ्यांचे, गोठ्यांचे, तुंबलेल्या शोषखड्ड्यांचे, शहराच्या नाल्यांचे. असं का, आणि मग करायचं काय, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. कारण जे जवळचं आहे ते आपल्या हातातलं आहे.

प्रयोगशाळा नेमकं काय मोजते

नदीच्या पाण्यात विषमज्वर, पटकी, कावीळ अशा प्रत्येक आजाराचा जंतू वेगळा शोधत बसणं अवघड आणि खर्चाचं काम असतं. हे जंतू संख्येने थोडे असतात, रोज सापडत नाहीत, आणि विषाणू तर साध्या प्रयोगशाळेत वाढवताही येत नाहीत. म्हणून माग काढला जातो तो वेगळ्याच जंतूंचा. माणसाच्या आणि गुराढोरांच्या आतड्यात कायम वस्तीला असलेले, विष्ठेच्या एकेका ग्रॅममध्ये कोट्यवधींनी सापडणारे हे जंतू. त्यांना फीकल कोलीफॉर्म म्हणतात. त्यांतला सर्वांत ओळखीचा म्हणजे ई-कोलाय. थिओडोर एशेरिश या डॉक्टरने १८८५ साली त्याचं वर्णन केलं. ई-कोलायचे बहुतेक प्रकार स्वतः आजार करत नाहीत. पण धूर दिसला की विस्तव असणारच, तसा पाण्यात ई-कोलाय सापडला की त्यात विष्ठा मिसळली आहे हे पक्कं. आणि हजारो लोकांची विष्ठा जिथे मिसळते तिथे त्यांतल्या आजारी माणसांचे जंतूही असतातच.

मोजायची जुनी आणि आजही वापरात असलेली पद्धत साधी आहे. लॅक्टोज घातलेल्या पोषक द्रावणाच्या नळ्यांमध्ये पाण्याचे कमी-जास्त थेंब टाकतात आणि ४४.५ अंश सेल्सिअसला ठेवतात. एवढ्या उष्णतेत नदीतले बाकीचे जंतू फारसे वाढत नाहीत, आतड्यातले वाढतात आणि वायू सोडतात. किती नळ्यांमध्ये वायू झाला त्यावरून तक्त्यात बघून १०० मिलिलिटर पाण्यातली संभाव्य संख्या काढतात. अहवालात ‘एमपीएन’ असं लिहिलेलं असतं ते हेच.

आता मर्यादा. अंघोळीच्या पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष असा की १०० मिलिलिटरमध्ये फीकल कोलीफॉर्म ५०० पर्यंत असावेत, आणि काहीही झालं तरी २,५०० च्या वर जाऊ नयेत. पिण्याच्या पाण्यासाठी मात्र भारतीय मानकाप्रमाणे १०० मिलिलिटरमध्ये ई-कोलाय एकही सापडता कामा नये. या दोन मर्यादांमधलं अंतर लक्षात ठेवा. अंघोळीला योग्य ठरलेलं पाणी तीर्थ म्हणून पिण्याला योग्य ठरत नाही. भावनेचा पूर्ण मान राखून मी हे सांगतोय. घरी बाटलीतून नेलेलं तीर्थ उकळून घेतलं किंवा त्यात मेडिक्लोर या क्लोरीनच्या द्रावणाचे थेंब टाकून अर्धा तास थांबलं, तर श्रद्धेला काहीच धक्का लागत नाही आणि घरातली लहान मुलं, म्हातारी माणसं आजारापासून वाचतात.

आणखी एक. पाणी स्वच्छ दिसण्याचा आणि जंतूंचा संबंध नसतो. रंगवलेल्या सुताचं पाणी नाल्यात लाल-निळं दिसतं, साखर कारखान्याच्या मळीने पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. ही दोन्ही गंभीर प्रदूषणं आहेत, पण जात वेगळी. त्यांच्यावरचा उपाय जंतूंना लागू पडत नाही. निर्माल्य डोळ्याला खुपतं, ते नदीत जाऊच नये. पण फुलांमुळे पटकी होत नाही. डोळ्याला न दिसणारा, संडासाच्या टाकीतून ओढ्यात झिरपणारा बारीक प्रवाह जास्त घातक असतो.

शून्यांचा हिशेब

जंतूंच्या प्रदूषणात सगळ्यात चकवा देणारी गोष्ट म्हणजे आकडे. घरगुती सांडपाण्यात १०० मिलिलिटरला साधारण दहा लाख ते एक कोटी फीकल कोलीफॉर्म असतात. आपण खालचा आकडा धरू, दहा लाख. मर्यादा २,५०० ची. म्हणजे एक लिटर सांडपाणी अंघोळीच्या मर्यादेत आणायचं तर त्यात एकही जंतू नसलेलं ४०० लिटर पाणी मिसळावं लागेल. आणि ५०० च्या आत आणायचं तर २,००० लिटर.

नगरपालिकेच्या हिशेबात दर माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात. त्याचं सांडपाणी झालं, आणि ते तसंच नदीत गेलं, तर एका माणसाच्या एका दिवसासाठी सुमारे ५४ हजार लिटर निर्मळ पाणी लागेल. दहा हजार लिटरचे पाच टँकर, शिवाय वर थोडं. मार्च-एप्रिलमध्ये टँकरची वाट बघत बसणाऱ्या सांगोला-मंगळवेढ्याकडच्या माणसाला या आकड्याचं वजन सांगावं लागणार नाही.

आता आषाढी धरा. दहा लाख वारकरी आले आणि सगळ्यांची विष्ठा या ना त्या वाटेने नदीत पोचली असं मानलं, माणशी ५० हजार लिटर धरले, तर दिवसाला ५,००० कोटी लिटर पाणी लागेल. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. म्हणजे रोज जवळजवळ पावणेदोन टीएमसी! हा माझा ढोबळ हिशेब आहे, प्रत्यक्षात सगळी विष्ठा नदीत जात नाही. पण वारीला उजनीतून पाणी सोडलं की नदी धुऊन निघेल, हा समज किती अपुरा आहे ते यातून कळतं. सोडलेल्या पाण्याने स्नानाची सोय होते, ते हवंच. जंतूंवरचा उपाय म्हणून त्याच्यावर विसंबता येत नाही. मैला नदीत पोचायच्या आधीच थांबवावा लागतो.

उजनीत काय होतं

उजनी पूर्ण भरलं तर एकूण साठा ११७ टीएमसीच्या घरात जातो. त्यातले सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या वापरात न धरलेलं तळाचं पाणी, म्हणून तर धरण ‘मायनस’मध्ये गेलं तरी आत पाणी दिसतं. एवढ्या पसरट जलाशयात पाणी कित्येक आठवडे, कधी महिनोन्महिने थांबून राहतं. आतड्यातला जंतू मुळात ३७ अंशांच्या उबेत, भरपूर अन्नात, अंधारात जगायला तयार झालेला. जलाशयात त्याला यातलं काही मिळत नाही. उन्हातले अतिनील किरण त्याला मारतात, पाण्यातले सूक्ष्म प्राणी त्याला खातात, उरलेले गाळाला चिकटून तळाशी बसतात. स्वच्छ पाण्यात, कडक उन्हात काही तासांत दहातले नऊ मरतात. गढूळ, खोल पाण्यात त्याला काही दिवस लागतात. आठवड्यांच्या मुक्कामात त्यांची संख्या प्रचंड घटते.

नत्र आणि स्फुरद मात्र मरत नाहीत. सांडपाण्यातून आणि शेतातल्या खतांतून आलेले हे क्षार जलाशयात साठतात, त्यावर शेवाळ आणि जलपर्णी पोसली जाते, आणि पाणी हिरवं होतं. म्हणून हिरव्या रंगाचा जाब वरच्या शहरांना विचारणं रास्त आहे. जंतूंचा जाब विचारायचा तर धरणाच्या भिंतीपासून खाली बघत यावं लागतं. याला अपवाद दोन. भर पावसाळ्यात धरण भरून दरवाजे उघडले की पाणी झपाट्याने खाली येतं, तेव्हा हा हिशेब ढिला पडतो. आणि काविळीचे विषाणू किंवा जिआर्डियासारख्या परजीवींची कवचं ई-कोलायपेक्षा जास्त चिवट असतात. ई-कोलाय मेला म्हणजे तेही मेले असं धरून चालता येत नाही.

धरणाच्या खाली नीरा नदी नीरा-नरसिंहपूरला भीमेला मिळते. अकलूज नीरेच्या काठावर आहे. त्यानंतर पंढरपूरपर्यंत दोन्ही काठांना गावं, वस्त्या, ओढे. हा सगळा टापू म्हणजे चंद्रभागेच्या जंतूंचा खरा पाणलोट. आणि पंढरपूरच्या खाली हेच पाणी मंगळवेढ्याच्या हद्दीतून पुढे टाकळी आणि औजच्या बंधाऱ्याकडे येतं, जिथून सोलापूर शहर पाणी उचलतं. सोलापूरकरांनी हे ध्यानात ठेवावं. पंढरपूरचा प्रश्न हा आपल्याही नळाचा प्रश्न आहे. आणि आपण सोडलेलं पुढे कर्नाटकातल्या गावांच्या वाट्याला जातं.

आधी शोध, मग उपाय

पाणलोट म्हटलं की आपल्याकडे बांधबंदिस्ती, सलग समतल चर, नाला खोलीकरण आठवतं. गावागावांत त्याचे नकाशे आहेत: कुठला ओढा कुठे उतरतो, कुठलं रान कुठल्या ओढ्याला वाहतं. तेच नकाशे जंतू शोधायला वापरता येतात.

पद्धत अशी. नदीला मिळणाऱ्या प्रत्येक नाल्याच्या जरा वरून एक नमुना, जरा खालून एक, आणि खुद्द नाल्यातून एक. वर ४०० आणि खाली ९,००० आले तर काय झालं हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. मग त्या नाल्याच्या काठाने वर चालत जायचं. कुठे पाइप उतरलाय, कुठे सार्वजनिक संडासाची टाकी ओसंडते आहे, कुठे उकिरडा काठालाच टेकलाय, ते डोळ्याला दिसतं. हे चालणं फार मोलाचं. माझ्या मते दहा महागड्या चाचण्यांपेक्षा काठाने नीट केलेली एक पायपीट जास्त शिकवते.

पण नुसती संख्या बघून फसू नका, प्रवाहही मोजा. समजा एका नाल्यात १०० मिलिलिटरला दहा लाख जंतू आहेत, पण धार बारीक, सेकंदाला अर्धा लिटर. दुसऱ्यात ५० हजारच आहेत, पण प्रवाह सेकंदाला ४० लिटर. गुणाकार केला तर पहिला नाला सेकंदाला ५० लाख जंतू नदीत टाकतो आणि दुसरा दोन कोटी. अहवालात भयंकर दिसणारा पहिला, नुकसान करणारा दुसरा. बारीक धार मोजायला बादली आणि मोबाइलमधलं घड्याळ पुरतं: बादली किती सेकंदांत भरली ते बघायचं.

एकाच नमुन्यावरून निष्कर्ष काढू नये हेही तितकंच महत्त्वाचं. पाच नमुने आले ३००, ४००, ५००, ६०० आणि ९०,०००. सरासरी काढली तर १८,३६० येते, आणि ती पाचपैकी एकाही दिवसाचं खरं चित्र दाखवत नाही. म्हणून जंतूंच्या बाबतीत मधला आकडा बघतात, इथे ५००. आणि तो ९०,००० चा दिवस टाकून द्यायचा नसतो. त्या दिवशी काय झालं होतं? पाऊस पडला होता? पंप बंद होता? कुणी मैल्याचा टँकर ओढ्यात मोकळा केला होता? बहुतेक वेळा खरी गोष्ट तिथेच सापडते.

पहिला पाऊस आणि तळातला गाळ

सोलापूर जिल्ह्यात पाऊस कमी, वर्षाला साडेपाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास. आठ महिने रानात, रस्त्याकडेला, ओढ्याच्या कोरड्या पात्रात जे साचतं ते पहिल्या एक-दोन जोरदार पावसांत धुऊन नदीत येतं. त्यामुळे वर्षातले सर्वांत वाईट आकडे बहुधा मृगाच्या किंवा आर्द्राच्या पहिल्या मोठ्या सरीनंतर येतात. आणि आषाढी एकादशी नेमकी त्याच सुमाराला, जूनअखेर ते जुलैअखेरपर्यंत पडते. वर्षातली सर्वांत मोठी गर्दी आणि वर्षातलं सर्वांत जोखमीचं पाणी जवळपास एकाच वेळी येतात. इथे पंचांग बदलता येत नाही. म्हणून साफसफाई पावसाच्या आधी, मे महिन्यात उरकावी लागते: ओढ्यांची पात्रं, उघड्या गटारी, काठावरचे उकिरडे.

दुसरी न दिसणारी गोष्ट तळातला गाळ. गाळात ऊन पोचत नाही, त्यामुळे जंतू तिथे जास्त दिवस टिकतात. वरच्या पाण्यापेक्षा तळाच्या गाळात त्यांची संख्या शेकडो पटींनी जास्त असू शकते. लाखो माणसं पात्रात उतरली की हा गाळ ढवळला जातो आणि जंतू पुन्हा पाण्यात येतात. म्हणजे एकादशीच्या सकाळी नदीत नवी घाण आली नाही तरी आकडा वर जाऊ शकतो. भीमेवरच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचंही तसंच आहे. पावसाळा संपला की बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) टाकतात, पाणी थोपतं, गाळ बसतो. पावसाळ्याच्या तोंडावर बर्गे काढले की साचलेला गाळ खाली सरकतो. बर्गे काढायची तारीख आणि वारीची तारीख यांचा मेळ बसवणं हे बिनखर्चाचं काम आहे, आणि पाटबंधारे खातं व पंढरपूर नगरपरिषद यांनी एकत्र बसून करण्यासारखं आहे.

शहराचं सांडपाणी: ९९ टक्के का पुरत नाही

सांडपाणी शुद्धीकरण केंद्राने ९९ टक्के जंतू काढले, असं ऐकलं की आपल्याला वाटतं काम झालं. दहा लाखांतले ९९ टक्के गेले तर उरतात १०,०००. अंघोळीच्या मर्यादेच्या चौपट. हवा भरून सांडपाणी कुजवणारी नेहमीची पद्धत साधारण ९० ते ९९ टक्क्यांपर्यंतच जाते, कारण ती बनवलेली आहे कुजणारी घाण कमी करायला. ९९.९ टक्के झाले तर १,००० उरतात. केंद्र सरकारच्या २०१७ च्या अधिसूचनेत शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याला हीच मर्यादा आहे, १,००० च्या आत; राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये ती आणखी कडक, २३० पर्यंत, सांगितली. तिथवर जायचं तर शेवटी निर्जंतुकीकरणाचा वेगळा टप्पा लागतोच: क्लोरीन किंवा अतिनील दिवे. क्लोरीनला किमान अर्धा तास पाण्याशी संपर्क लागतो आणि पाणी आधी नितळ असावं लागतं, नाहीतर गढूळपणाच क्लोरीन खाऊन टाकतो. म्हणून आपल्या गावात केंद्र असेल तर विचारायचा प्रश्न हा: शेवटचा टप्पा चालू आहे का, आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचा फीकल कोलीफॉर्मचा आकडा किती?

दुसरा प्रश्न विजेचा. नाले अडवून पंपाने केंद्राकडे वळवले जातात. वीज गेली, पंप बसला, की काही मिनिटांत सांडपाणी जुन्या वाटेने नदीत. वर्षभर उत्तम चाललेलं केंद्र चार तास बंद पडलं तर त्या दिवसाचा नदीतला आकडा केंद्र नसल्यासारखाच येतो. जनरेटर, जादा पंप आणि थोडा वेळ पाणी साठवणारी टाकी या तीन गोष्टींवर खर्च करायला कुणी उत्साही नसतं, कारण त्यांचं उद्घाटन होत नाही. नदी मात्र त्यांच्यावरच अवलंबून असते.

छोट्या गावांना मला वेगळा मार्ग जास्त पटतो. आपल्याकडे ऊन भरपूर आहे, एप्रिल-मेमध्ये पारा त्रेचाळीसच्या पुढे जातो. गावाबाहेर एकापुढे एक उथळ तळी करून सांडपाणी त्यांतून सावकाश पुढे सरकवलं तर ऊन आणि शेवाळ मिळून काम करतात. शेवटचं तळं मीटरभरच खोल ठेवतात, म्हणजे ऊन तळापर्यंत पोचतं. दुपारी शेवाळामुळे पाण्याचा सामू (पीएच) नऊच्या वर जातो, तोही जंतूंना मारक ठरतो. नीट आखलेली तळी ९९.९ टक्क्यांच्याही पुढे जातात, वीज जवळजवळ न वापरता. जागा लागते, गाळ काही वर्षांनी काढावा लागतो, डासांवर लक्ष ठेवावं लागतं. पण पंप जळाला म्हणून हा कारखाना बंद पडत नाही. बाहेर पडलेलं पाणी उसाला द्या, चाऱ्याला द्या. कोथिंबीर, मेथी, मुळा अशा कच्च्या खायच्या भाज्यांना ते १,००० च्या आत आहे याची खात्री असल्याशिवाय देऊ नये.

संडास बांधला, पुढे काय?

गेल्या दहा वर्षांत गावोगाव संडास झाले आणि त्याने खूप फरक पडला. आता प्रश्न टाकीच्या पोटातला आहे. सेप्टिक टँकमध्ये जड मैला तळाशी बसतो एवढंच. वरून बाहेर पडणारं पाणी स्वच्छ दिसलं तरी जंतूंनी भरलेलं असतं. ते शोषखड्ड्यात मुरलं पाहिजे. बऱ्याच घरांत त्याचा पाइप थेट गटारीला जोडलेला असतो.

काळ्या मातीत हा प्रश्न आणखी अवघड होतो. उन्हाळ्यात जमिनीला हातभर भेगा, पावसाळ्यात तीच माती फुगून खड्ड्याची भिंत बंद करते. पाणी मुरत नाही, खड्डा ओसंडतो, आणि वैतागून माणूस गटारीकडे पाइप काढतो. माती कमी आणि खाली भेगाळ काळा खडक असेल तर उलटं: मैलापाणी न गाळता थेट विहिरीच्या झऱ्यात जातं. विहिरीपासून पंधरा मीटरचं अंतर ठेवा असं सांगतात, पण अशा खडकात तेवढ्यावर निश्चिंत राहू नये. खड्ड्याभोवती वाळूचा जाड थर आणि खड्डा उथळ ठेवणं, हे आपल्या जमिनीत जास्त उपयोगी पडतं. जिथे जमतं तिथे दोन खड्ड्यांचा संडास चांगला. एक भरला की दुसरा सुरू करायचा, पहिला किमान दीड वर्ष झाकून ठेवायचा. तोवर आत बहुतेक सगळे जंतू मरतात आणि सोनखत मिळतं.

सेप्टिक टँक दोन-तीन वर्षांनी उपसायला हवा, आणि उपसणारा टँकर मैला कुठे रिकामा करतो हे ग्रामपंचायतीला ठाऊक असलंच पाहिजे. एक टँकर रात्री ओढ्यात मोकळा झाला तर अख्ख्या गावाने केलेली मेहनत पाण्यात जाते. वारीतही तेच. पालखी मार्गावर, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, अकलूज, वाखरी इथल्या तळांवर आता फिरते संडास लागतात, वारकरी ते वापरतात, सेवेकरी मंडळी पहाटे उभी राहून लोकांना विनवतात. हे काम फार मोठं आहे आणि त्या मंडळींबद्दल मला मनापासून आदर आहे. त्याला जोड हवी ती त्या संडासांच्या टाक्या कुठे आणि कशा रिकाम्या होतात याच्या लेखी हिशेबाची.

गुरंढोरं

पंढरपुरी म्हैस ही या भागाची शान. पण म्हैस पाण्यात बसली की शेणही पाण्यातच टाकते, आणि एका जनावराच्या रोजच्या शेणातले कोलीफॉर्म माणसापेक्षा कमी नसतात. माणसाच्या विष्ठेतून पसरणारे विषाणू शेणात नसतात, तरी हगवण लावणारे काही जंतू जनावरांकडूनही येतात. म्हशीला पाणी लागतंच, ते नाकारण्यात अर्थ नाही. नदीपासून आत हौद आणि डुंबायला छोटं तळं केलं, ओढ्यात उतरायची एकच फरसबंद वाट ठेवली, उकिरडा काठापासून दूर घेऊन पावसाच्या बाजूने मातीचा बांध घातला, की बराच भार कमी होतो. शेणखताचा ढीग नीट रचून आतली उष्णता ५५ अंशांवर काही दिवस टिकली तर जंतू मरतात. ओढ्याकाठी गवताचा दहा-पंधरा फुटांचा पट्टा राखला तर रानातून येणारं गढूळ पाणी संथ होतं, गाळ आणि जंतू गवतात अडतात. बांधबंदिस्तीही हेच करते. पाइपातून येणाऱ्या सांडपाण्यावर मात्र गवताचा काही इलाज चालत नाही.

गावाच्या हातात आत्ता काय आहे

नवी योजना येईपर्यंत थांबायची गरज नाही. ‘नमामि चंद्रभागा’ या राज्याच्या नदी-स्वच्छता योजनेची घोषणा २०१६ मध्ये झाली, मोठ्या योजना आपल्या गतीने चालतात. ग्रामपंचायतीकडे मात्र आधीपासून साधनं आहेत. प्रत्येक गावात जलसुरक्षक आहे. पाण्याच्या स्रोताची वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, स्वच्छता पाहणी होते आणि त्यावरून लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. विहिरीजवळ उकिरडा आहे का, गटार आहे का, गळती आहे का, हेच त्यात बघतात. ही पाहणी विहिरीपुरती न ठेवता ओढ्याच्या काठाने नदीपर्यंत नेली की झाला पाणलोटाचा सर्व्हे. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायचं शिकवलेलं आहे. काळी पडणारी जंतू-चाचणीची बाटली त्या वापरू शकतात. ती संख्या सांगत नाही, पण कुठल्या नाल्याचा नमुना आधी प्रयोगशाळेत पाठवायचा ते ठरवायला पुरते.

नमुना घ्यायचा तर निर्जंतुक बाटलीतच. झाकणाच्या आत बोट लावायचं नाही. गुडघाभर पाण्यात प्रवाहाकडे तोंड करून उभं राहायचं, आपल्या पायांनी उठलेला गाळ मागे जाऊ द्यायचा, आणि वीतभर खालचं पाणी घ्यायचं. बाटली बर्फाच्या डब्यात, आणि शक्यतो सहा-आठ तासांत प्रयोगशाळेत. २४ तासांच्या पुढचा नमुना टाकून द्यावा. बाटलीवर तारीख, वेळ, जागा, आणि मागच्या दोन दिवसांत पाऊस झाला का, हे लिहायचं. पावसाची नोंद लोक विसरतात आणि मग आकड्याचा अर्थच लागत नाही.

पंढरपूरच्या घाटावर पाण्याच्या पातळीचा आकडा जसा कळतो तसा जंतूंचाही कळला पाहिजे, असं मला वाटतं. शहराच्या वर एक ठिकाण, घाटाजवळ एक, शहराच्या खाली एक; दर पंधरा दिवसांनी नमुना, वारीच्या आठवड्यात रोज, आणि निकाल मराठीत, मोठ्या अक्षरांत, ५०० आणि २,५०० च्या मर्यादांसह फलकावर. चैत्रीला नदी आटलेली असते, आषाढीला पहिला पूर, कार्तिकीला नितळ पाणी, माघीला थोपलेलं. चारही वाऱ्यांचे आकडे दोन-तीन वर्षं शेजारी शेजारी मांडले, की कुठला नाला आधी अडवायचा यावर वाद घालायला फारशी जागा उरणार नाही.